आयकराचा रिफंड आला, दिवाळी तोंडावर, घरात एकच पगार. पैसे कुठे लावू?

डिचोलीची_सून (ऑक्टोबर २०२५)

नमस्कार मंडळी. इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय घरचा आहे, पण घरात विचारलं तर चार माणसांची पाच मतं निघतात.

नवरा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत होता. पगार महिना ९१ हजारांच्या आसपास. गेल्या वर्षी ऑक्टोबरअखेर कंपनीने एक शिफ्टच बंद केली आणि त्यात यांची नोकरी गेली. आता कळंगुटला एका हॉटेलात स्टोअर सांभाळतात. पगार २२ हजार, पण यंदा पावसाच्या महिन्यांत हातात निम्माच आला. सिझन सुरू झाला की पूर्ण देऊ म्हणतात. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-बिडिंग करते. चवथीच्या आधी मान वर करायला वेळ नसतो, नंतर शुकशुकाट.

जुन्या कंपनीने सात महिने टीडीएस कापला होता, तो सप्टेंबरअखेर परत आला. व्याजासकट ३३,५७८ रुपये. आता ऐका: क्रेडिट कार्डावर ४६,२०० थकलेत, दरमहा 'मिनिमम ड्यू' तेवढे भरतोय. घराच्या कर्जाचा हप्ता ९,८००, दर महिन्याच्या ५ तारखेला. मुलगा बारावीला, क्लासचा दुसरा हप्ता जानेवारीत. स्वयंपाकघराची कौलं गळतात.

नवरा म्हणतो, सगळे कार्डात घाल आणि मोकळी हो. सासूबाई म्हणतात, वर्षभर पोरं मन मारून राहिली, दिवाळी तरी करा. दीर म्हणतो, शेअर बाजारात लाव, सहा महिन्यांत दुप्पट. मला वाटतं, बँकेत तसेच राहू देत, निदान रात्री झोप लागते. कुणाचं बरोबर?

पेडण्याचा_पावणा

आधी अभिनंदन. आमचा अजून 'प्रोसेसिंग'मध्येच आहे. रोज सकाळी पोर्टल उघडून बघतो, जणू माझ्या बघण्याने लवकर येणार.

दिराचं ऐकू नका. बाकी जाणकार येतीलच.

हिशेबी_मडगांवकार

ताई, आकडे दिलेत हे बरं केलंत. नाहीतर लोक 'थोडासा रिफंड आलाय' म्हणतात आणि सल्ला मागतात.

हे पैसे सरकारने दिलेले नाहीत. कंपनीने पूर्ण वर्षाचा पगार धरून दरमहा कर कापला आणि नोकरी मध्येच गेली. वर्षाचं उत्पन्न, ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन, ७ लाखांच्या आत राहिलं. २०२४-२५ च्या नव्या प्रणालीत तेवढ्यावर कर शून्य, म्हणून कापलेले सगळे परत. मूळ रक्कम ३२,६०० असणार. वरचे ९७८ हे कलम २४४ए खालचं व्याज: महिना अर्धा टक्का, एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने. मूळ रिफंडावर कर नाही, पण हे ९७८ पुढच्या विवरणपत्रात 'इतर स्रोतांतून उत्पन्न' म्हणून दाखवायचे. लोक हमखास विसरतात आणि मग एआयएसमधला, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या उत्पन्नाच्या नोंदीतला, आकडा जुळत नाही.

बँकेत राहू दे म्हणताय, त्यावर मास्तर बोलतीलच. त्यांचा आवडता विषय.

फोंड्याचे_मास्तर

बोलतो.

कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के धरा, म्हणजे वर्षाला ४२. ४६,२०० वर महिन्याचं व्याज १,६१७ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २९१. एकूण १,९०८. तुम्ही ब्लाउज शिवून जे मिळवता त्यातले जवळजवळ दोन हजार दर महिन्याला सुईच्या नेढ्यातून बँकेत जातात, आणि मुद्दल जागच्या जागी.

आता २५,००० बचत खात्यात ठेवा. अडीच टक्क्यांनी महिन्याला मिळतील ५२ रुपये. तेच कार्डात भरा, महिन्याला १,०३० च्या आसपास वाचतात. यापेक्षा बरं व्याज देणारी जागा गोव्यात कुणी दाखवली तर त्याला मी मोबाईल नंबरासकट पोलिसांत देईन.

आणखी एक. मागची बाकी राहिली की कार्डावरच्या नव्या खरेदीला ते बिनव्याजी पंचेचाळीस-पन्नास दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज. तेव्हा ते कार्ड आजपासून पाकिटातून काढून कपाटात ठेवा. पेट्रोलसुद्धा नको.

सावर्ड्याचा_ट्रक

मास्तरांचं गणित शंभर टक्के बरोबर, तरी मी सगळे कार्डात घालू नका असंच म्हणेन.

आमच्या सांगे-केप्याकडच्या खाणपट्ट्याने हे दोनदा बघितलंय. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा ज्यांच्याकडे शिल्लक होती त्यांनी ती ट्रकच्या कर्जात भरून टाकली, 'व्याज वाचेल' म्हणून. कर्ज कमी झालं, पण पुढच्या महिन्याचा हप्ता चुकला तो चुकलाच. बँक असं म्हणत नाही की तुम्ही मागच्या महिन्यात जास्त भरलेत, आता दोन महिने आराम करा. हातातले गेले आणि वसुलीवाले दारात. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींची ८८ लिजं रद्द केली, १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. तेव्हा आमच्या वाड्यावर शहाणे झालेले होते ते निराळे वागले. आधी तीन हप्त्यांची रोकड वेगळी काढली, मग उरलेलं कर्जात. त्यातले बरेच जण ट्रक वाचवू शकले.

यांना निम्म्या पगाराचा पाऊस पुन्हा येणार आहे, जूनला. हॉटेलवाला 'पूर्ण देऊ' म्हणाला, दिला का? तो हातात पडेपर्यंत त्याला पगार म्हणू नये.

फोंड्याचे_मास्तर

ट्रकबाब, रोकड ठेवायला माझी ना नाही. पण तीन हप्ते म्हणजे २९,४००. मग कार्डाला उरले चार हजार. त्याने काय होणार?

सावर्ड्याचा_ट्रक

तीन नकोत, एक ठेवा. घराचा हप्ता एक चुकला तर दंड लागतो, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो, उद्या मुलाला शैक्षणिक कर्ज घेताना तो डाग समोर येतो. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जांत जमा. कार्डवाल्याने फोनवर कितीही आरडाओरडा केला तरी त्याच्याकडे तुमचं घर गहाण नाही. व्याज कुठलं महाग हा एक प्रश्न, आणि थकलं तर जाणार काय हा दुसरा. मास्तर पहिलाच विचारतात.

सासष्टीकार

+१ ट्रकबाब. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर पुरुमेंत भरतात ना, सुकी मासळी, मिरची, तांदूळ? हप्त्याचे पैसे तसे आधी वेगळे काढून ठेवा, बाकीच्याची चर्चा नंतर.

म्हापशेकार_९०

मी जरा वेगळं सांगतो, रागावू नका. घरात थोडं सोनं असेल तर बँकेत सोनेतारण कर्ज घ्या आणि कार्ड पूर्ण मिटवा. कार्डाच्या ४२ टक्क्यांच्या तुलनेत सोनेतारणाचं व्याज कितीतरी कमी. रिफंड जसाच्या तसा हातात राहील. सोन्याचा भाव सध्या आकाशाला भिडलाय, थोड्याशा सोन्यावर भागेल.

तारवटीची_बायल

रागावले. :)

कार्डाचं कर्ज घरखर्चाचं आणि पाटल्या तिच्या माहेरच्या! गणित बरोबर असेलही. पण निम्म्या पगाराच्या घरात गहाण सोनं सोडवायला पैसे कुठून येणार ते आधी सांगा. कार्ड थकलं तर फोन येतात, तारण थकलं तर लिलाव. ट्रकबाबने आत्ताच सांगितलं, थकलं तर जाणार काय ते बघा.

माझा नवरा बोटीवर असतो, आठ-नऊ महिने बाहेर, म्हणून अनिवासी. त्याच्या इथल्या एनआरओ (अनिवासी खात्यातल्या) ठेवीच्या व्याजावर बँक सरसकट ३१.२ टक्के कापते. दोन लाख व्याज झालं की ६२,४०० गेलेच. विवरणपत्र भरलं की आमच्या बाबतीत बहुतेक परत येतात. दर वर्षी येतात, म्हणून मी ठरवून टाकलंय की रिफंडातून घरात वस्तू घ्यायची नाही. त्यातून आधी आरोग्य विमा, मग घरपट्टी, मग उरलं तर पुढे.

ताई, विम्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. वेर्ण्याची नोकरी गेली त्या दिवशी कंपनीचा ग्रुप मेडिक्लेमही गेला असणार. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे का? पाच वर्षं गोव्यात राहिलेल्या कुटुंबाला मिळतं. तीन माणसांपर्यंत अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. असेल तर त्याची मुदत बघा. आमच्या शेजारणीचं संपलेलं होतं, ते बांबोळीला ॲडमिट झाल्यावर कळलं.

डिचोलीची_सून

बाई गं! कार्ड आहे, पण २०२३ नंतर कपाटातून काढलेलंच नाही. उद्या बघते.

ग्रुप मेडिक्लेम गेला हे तर डोक्यातच नव्हतं. घरात आम्ही चौघं, सासूबाई ७१ च्या.

सोनं गहाण टाकायचं नाही, हे माझं पक्कं आहे. म्हापशेकारदादा, राग नाही.

तारवटीची_बायल

सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत तर आयुष्मान वय वंदना कार्डही विचारून ठेवा. केंद्राची योजना, सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत. दुसऱ्या सरकारी योजनेत असाल तर कुठली निवडायची ते काउंटरवर विचारा. आणि स्वतंत्र पॉलिसी काढायचा विचार असेल तर २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. एजंटने जुन्या दराचा आकडा सांगितला तर विचारा, हा कधीचा.

बाजारबुणगा

सगळेच कसे घाबरट. मी मागच्या वर्षी ३० हजारांनी ऑप्शन्समध्ये सुरुवात केली. दिवाळीत मुहूर्त ट्रेडिंग आहे. ताईंच्या दिराशी मी सहमत. रिस्क घेतल्याशिवाय गरीबच राहणार आपण गोंयकार.

फोंड्याचे_मास्तर

सुरुवात केलीत ते सांगितलंत. आता किती आहेत?

बाजारबुणगा

लाँग टर्म बघायचं असतं मास्तर.

फोंड्याचे_मास्तर

ऑप्शन्समध्ये लाँग टर्म! ठीक. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे काढले: तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात. ज्यांच्या घरात मुलाच्या क्लासचा हप्ता जानेवारीत आहे त्यांनी त्या सात टक्क्यांत यायची आशा धरू नये. त्यापेक्षा मांडवीतली कॅसिनोची बोट बरी, तिथे निदान जेवण तरी मिळतं असं ऐकतो.

हिशेबी_मडगांवकार

अवांतर, पण गोंयकारांसाठी अवांतर नाही. वर कुणीतरी 'त्याचं कर्ज, तिचं सोनं' म्हटलं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर आपल्या इथे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. आयकर कायद्यातही त्यासाठी खास कलम आहे, ५ए. पगार ज्याचा त्याचा. पण भाडं, ठेवीचं व्याज, धंद्याचं उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचं, त्यावर कापलेला टीडीएससुद्धा तसाच वाटायचा. मुंबई-पुण्याच्या सीएकडून ऑनलाइन विवरणपत्र भरून घेणाऱ्यांचे रिफंड इथेच अडकतात. नवऱ्याच्या पॅनवर पूर्ण टीडीएस, उत्पन्न मात्र अर्धं. बायको विवरणपत्रच भरत नाही, म्हणजे तिच्या वाट्याचा टीडीएस हवेत.

ताई, तुमच्या शिलाईचे पैसेही याच प्रकारात, म्हणजे धंद्याच्या उत्पन्नात, येतात. अर्धे त्यांच्या विवरणपत्रात दाखवायला हवेत. साहेबांनी आयटीआर-१ हा साधा फॉर्म भरला असेल तर त्यात या वाटणीचं शेड्यूलच नाही. तुमच्या आकड्यांवरून कर लागेल असं वाटत नाही, पण ७ लाखांच्या मर्यादेपासून फार लांबही नाही आहात, कारण हॉटेलचा पगारही त्यात येतो. एकदा बेरीज करून बघा. लागलंच तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारित विवरणपत्र भरता येतं. म्हणून कौलं बदलण्याआधी हे बघा. पुढे मागणी निघाली तर नंतरच्या रिफंडातून वळती करून घेतात.

डिचोलीची_सून

हे ऐकून पोटात गोळा आला. शिलाईचे वर्षाला तीस-पस्तीस हजार होतात, कापड-दोरा-मशीनचा खर्च जाऊन. आयटीआर-१ च भरलाय, नेटकॅफेतल्या मुलाने भरून दिला.

हिशेबी_मडगांवकार

घाबरू नका. ३५ हजारांचे अर्धे साडेसतरा हजार. पगाराच्या आकड्यांत ते मिळवून ७५,००० वजा केले तरी ७ लाखांच्या आतच बसताय असं दिसतं. नेमके आकडे फॉर्म १६, म्हणजे मालकाने दिलेल्या पगार-टीडीएसच्या दाखल्यावरून बघा. दोन मालकांचे दोन फॉर्म हवेत, हॉटेलवाल्याकडूनही मागा. त्याने टीडीएस कापला नसेल तर फॉर्म १६ देणार नाही, मग पगाराची पत्रकं घ्या.

पेडण्याचा_पावणा

नेटकॅफेवरून आठवलं. आमच्याकडे एकजण घरोघर फिरत होता, 'रिफंड वाढवून देतो, मला त्यातला पाचवा हिस्सा द्या'. भाड्याच्या पावत्या, राजकीय पक्षाला देणगी, सगळं खोटं दाखवतो. आयकर खात्याने यंदा जुलैमध्ये अशांवर देशभर तपासणी केली. सापडला तर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड करदात्याला, एजंट नामानिराळा.

आणि मोबाईलवर 'तुमचा १५,४९० रिफंड मंजूर, खातं तपासा' म्हणून लिंक आली तर उघडू नका. रिफंड फक्त पोर्टलवर प्रमाणित केलेल्या खात्यात आपोआप येतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, जितका उशीर तितकं अवघड.

सासष्टीकार

दिवाळीचं कुणीच बोललं नाही. सासूबाईंचं चुकलं कुठे? सगळं कर्जात आणि हप्त्यात घातलं आणि पोरांना फराळही नाही, तर मुलगा बारावीचा अभ्यास कसा करणार? दोन हजार त्यांच्या हातात द्या, पोहे-गूळ-तेल आणू देत. नरकासुर जाळणार तो वाडा मिळून, त्याला वर्गणी शंभर.

फोंड्याचे_मास्तर

पूर्ण सहमत. लिहायला मीच हवा होतो, आकडेमोडीत राहिलो. फक्त रक्कम आधी ठरवा आणि रोख काढून सासूबाईंकडे द्या. दुकानात गेल्यावर ठरवायचं ठेवलं तर दोनाचे पाच होतात.

डिचोलीची_सून

काल रात्री जेवणं झाल्यावर चौघं बसलो. हा धागा नवऱ्याला वाचून दाखवला. ५ए ऐकून तो म्हणाला, म्हणजे यातले अर्धे तुझे, तर तूच ठरव. मी म्हटलं, अर्धे तुझेही आहेत, बस इथेच.

ठरलं ते असं. ९,८०० नोव्हेंबरच्या हप्त्याला, वेगळ्या खात्यात, ज्याचं एटीएम कार्ड कुणाजवळच नाही. २,००० सासूबाईंकडे. ३,००० क्लाससाठी बाजूला, बाकीचे जानेवारीपर्यंत शिलाईतून. १८,००० कार्डात. उरलेले ७७८ दीनदयाळ कार्डाच्या नूतनीकरणाला आणि कळंगुट-डिचोली बसभाड्याला.

कार्डाचे उरलेले २८ हजार हप्त्यांत बदलून देता का, असं नवऱ्याने बँकेला विचारलंय. कौलांचं पुढच्या वर्षी बघू, तोवर प्लास्टिक. नवरा अजून म्हणतोच आहे की कार्डात सगळे घातले असते तर बरं झालं असतं.

दीर रुसलाय.

सावर्ड्याचा_ट्रक

कार्डाचे हप्ते करताना प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी मिटवण्याचा दंड दोन्ही विचारा, फोनवर नको, मेलवर. जूनच्या आत मिटेल इतकीच मुदत घ्या. पावसात नवा हप्ता नको.

तारवटीची_बायल

आणि ते वेगळं खातं कुठल्या बँकेत आहे? लहान रकमेला फरक पडत नाही, पण पुढे साठली तर लक्षात असू दे. ठेवीचा विमा एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंतच. म्हापसा अर्बनचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तेव्हा आपल्याकडे हे सगळ्यांनाच पाठ झालं.

डिचोलीची_सून

सरकारी बँकेत आहे. सगळ्यांना देव बरें करूं. एक शेवटचं विचारते, मग धागा तुमचा. सासूबाईंच्या नावावर दोन बँकांत ठेवी आहेत, सासरे गेल्यावरच्या. एका बँकेने व्याजातून टीडीएस कापलाय. त्यांचं उत्पन्न तेवढंच. हे पैसे पुढच्या वर्षी पुन्हा रिफंड म्हणून मागायचे, की कापूच नयेत अशी काही सोय आहे?

हिशेबी_मडगांवकार

आहे. फॉर्म १५एच. साठीच्या पुढच्या व्यक्तीचा वर्षाचा कर शून्य येणार असेल तर तो दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला द्यायचा, दोन बँका म्हणजे दोन फॉर्म, पॅन जोडलेला हवा. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर एका बँकेत वर्षाला १ लाखाच्या आत टीडीएस कापतच नाहीत, तेव्हा कापला म्हणजे एकतर ठेव मोठी आहे किंवा बँकेत जन्मतारीख चुकीची पडलीय. पासबुक घेऊन जा आणि आधी जन्मतारीख बघा. यंदाचा कापून गेलाय तो विवरणपत्र भरूनच परत येईल, त्यासाठी २६एएस मध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, तो दिसतोय का तेही बघा. नेटकॅफेत नको, सोमवारनंतर मला व्यक्तिगत निरोप करा.